परकीय चलनाच्या तक्त्यातील ‘टीटी’ : या चुका टाळा

टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तारसेवा बंद झाली, तरी बँकेतून बँकेत थेट जमा होणाऱ्या परकीय रकमेचा दर आजही याच नावाने छापला जातो. त्यापुढचे ‘बाइंग’ आणि ‘सेलिंग’ हे शब्द बँकेच्या बाजूने वाचायचे असतात, हे सांगून सांगून आता कंटाळा आला आहे. तुमच्या खात्यात डॉलर आले की बँक ते विकत घेते, म्हणून टीटी बाइंग. तुम्ही परदेशी पैसे पाठवता तेव्हा टीटी सेलिंग, आणि तो नेहमी चढाच असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक आयकर विवरणपत्रात होते. आयकर नियम, १९६२ मधील नियम ११५ हा ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या परदेशी उत्पन्नासाठी स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर सांगतो, आणि लाभांशाच्या बाबतीत तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा धरायचा असतो. एका परिचितांनी वर्षभराचे तिमाही लाभांश एकत्र करून मोबाइलवर दिसलेल्या दराने गुणले. परदेशात कापलेल्या कराला मात्र, सवलत जास्त मिळावी म्हणून, टीटी सेलिंग लावला. वास्तविक नियम १२८ त्या करासाठीही मागील महिनाअखेरचा टीटी बाइंगच सांगतो. साहजिकच परदेशी कराची सवलत मागण्याचा फॉर्म ६७ आणि विवरणपत्र यांतील आकडे एकमेकांशी जुळेनात, खुलासा मागितला गेला आणि प्रत्येक लाभांशाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. पाच मिनिटे वाचवू पाहणाऱ्यांचे पाच दिवस असेच जातात.

महिनाअखेर रविवारी आली, जशी ३१ मार्च २०२४ ला आली होती, तर मी त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेतो आणि तसे हिशेबाच्या कागदावर लिहून ठेवतो. बँकेचा तक्ता रोज बदलतो, जुना नंतर शोधत बसावे लागते. म्हणून दर महिनाअखेरीस त्याची पीडीएफ जपून ठेवतो.

येनचा दर १०० येनसाठी असतो. तो एका येनचा समजू नये. रोख नोटांचा रकाना वेगळा असतो, तो टीटीऐवजी वाचू नये. रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर म्हणून ओळखला जाणारा दर २०१८ पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था जाहीर करते. तोही टीटी दर नव्हे. रक्कम मोठी असेल, तर छापील तक्त्यावर विसंबून न राहता व्यवहाराच्या दिवशी शाखेकडून दर मागून घ्यावा. मागितल्याशिवाय कोणी चांगला दर देत नाही.