पक्षाचे नाव झाकून प्रश्न कसा वाचावा

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेवर, नळपाणी योजनेची टाकी आहे. तिच्या तळाजवळ एक बारीक तडा गेलेला असून त्यातून पाणी झिरपते आणि खाली हिरवे शेवाळ धरते. टाकी बांधली गेली तेव्हा ग्रामपंचायतीत आमच्या पॅनेलची सत्ता होती आणि मी त्या पॅनेलचा कार्यकर्ता होतो. कोणी तडा दाखवला की मी सांगत असे, "नवे सिमेंटचे काम आहे, थोडी ओल राहणारच." पुढच्या निवडणुकीत सत्ता दुसऱ्या पॅनेलकडे गेली, आणि त्याच तड्याकडे बोट दाखवून ग्रामसभेत निकृष्ट देखभालीविषयी सर्वांत मोठ्याने बोलणारा मीच होतो. दोन्ही वेळा मी जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो; मला त्या त्या वेळी तसेच दिसत होते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही हे खरे, परंतु कोणते पॅनेल कोणाचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते आणि माझ्या डोळ्यांनाही ते ठाऊक होते.

आपली निष्ठा आपल्या विचारावर कोठे आणि कशी स्वार होते, हे ओळखण्याच्या काही रीती मी त्यानंतरच्या वर्षांत वाचून आणि वापरून पाहिल्या. त्या येथे देत आहे. पक्ष सोडावा असे सुचवण्याचा हेतू नाही. कोकणात पक्षनिष्ठा पुष्कळदा कृतज्ञतेतून आलेली असते: मध्यरात्री बाळंतिणीसाठी गाडी कोणी पाठवली, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात खाट कोणी मिळवून दिली, चाकरमानी म्हणून गेलेल्या मुलाला पहिल्या नोकरीसाठी चिठ्ठी कोणी दिली, हे माणूस विसरत नाही आणि विसरूही नये. मात्र त्या उपकाराची परतफेड स्वतःच्या बुद्धीने करावी लागत असेल तर ती किंमत फार मोठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात स्वतःच्या प्रश्नाकडे लक्ष देण्यापासून करावी. आपल्या पक्षाला सोयीची बातमी आली की मन विचारते, "हे मानता येईल का?" आणि एक बारीकसा आधारही पुरतो. गैरसोयीची बातमी आली की तेच मन विचारते, "हे मानलेच पाहिजे का?" आणि मग दहा पुरावेही अपुरे पडतात. हा बदल इतक्या सहज होतो की बातमीच्या मजकुरावरून तो सापडत नाही. आपण किती वेगाने पटवून घेतले किंवा फेटाळले, यावरून सापडतो. म्हणून व्हॉट्सॲपवर एखादा मजकूर वाचताक्षणी पुढे पाठवावासा वाटला, किंवा वाचताक्षणी "हा विकला गेलेला माणूस" असे शब्द ओठांवर आले, तर तेथेच थांबावे. त्या क्षणी आपण मजकूर तपासलेला नसतो, केवळ पाठवणारा कोण ते पाहिलेले असते.

यानंतरची रीत नाव झाकण्याची. अमेरिकेत जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीची एक योजना वाचायला दिली होती. ती कोणत्या पक्षाने उचलून धरली आहे एवढेच बदलून सांगितले, तर मदत उदार असो वा तुटपुंजी, विद्यार्थी आपल्या पक्षाच्या बाजूने गेले. आणि आपण योजनेतील तपशिलावरूनच ठरवले, पक्षामुळे नव्हे, असे त्यांना मनापासून वाटत होते. आपणही निराळे नाही. म्हणून ग्रामसभेची विषयपत्रिका फलकावर लागली की आधी फक्त विषय कागदावर उतरून घ्यावा, सूचक आणि अनुमोदक कोण याची चौकशी करू नये. साकव (ओढ्यावरचा लहान पूल) हवा की पाखाडी (पायऱ्यांची वाट), दिवाबत्ती आधी की स्मशानशेड, याविषयी आपले मत दोन ओळींत कारणासह लिहावे, खाली तारीख टाकावी आणि कागद घडी घालून ठेवावा. त्यानंतर नावे विचारावीत. नाव कळल्यावर मत बदलावेसे वाटले तर हरकत नाही, कारण एखाद्या माणसाचा पूर्वानुभव हाही पुरावा असतो. फक्त ते कारण त्याच कागदावर नव्याने लिहिता आले पाहिजे.

लहान गावात नावे झाकून राहत नाहीत, हे मला मान्य आहे. अशा वेळी नावांची अदलाबदल करावी, म्हणजे हाच ठराव दुसऱ्या पॅनेलने आणला असता तर मी काय म्हटले असते असे स्वतःला विचारावे, आणि माझ्या अनुभवात हीच रीत सर्वांत उपयोगी ठरली. "निःपक्षपातीपणे विचार करा" असे नुसते सांगून काही साधत नाही. १९८४ मध्ये चार्ल्स लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत अशी सूचना दिलेल्या लोकांचा कल फारसा हलला नाही; परंतु याच अभ्यासाचा निष्कर्ष उलट निघाला असता तर तुम्ही त्याच्या पद्धतीला एवढेच गुण दिले असते का, असा विचार करायला सांगितल्यावर मात्र फरक पडला. सद्हेतू बहुतेकांजवळ असतो, त्याला करण्याजोगे एखादे ठरावीक काम द्यावे लागते.

सरावासाठी आपल्याच किनाऱ्यावरचा इतिहास घ्यावा. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा, म्हणजे आपण ज्याला एन्रॉन म्हणतो त्याचा, वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये राज्यात काँग्रेसचे सरकार असताना झाला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्तेवर आल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्दही केला. त्यानंतर फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये त्याच सरकारने त्याला पुन्हा वाट करून दिली, आणि २००१ मध्ये वीज मंडळाशी झालेल्या वादात वीजनिर्मिती थांबली. त्या काळात ज्यांना राजकारण कळत होते त्यांनी एका पानावर तीन रकाने आखावेत आणि १९९३, १९९५ व १९९६ या प्रत्येक वर्षी आपण काय म्हणत होतो ते आठवून लिहावे. तरुण वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. रकाना बदलताना विजेच्या दरावरचे मत बदलले की फक्त सरकारवरचे, हे त्या पानावर उघडे पडते. प्रकल्पाच्या परिसरातील गावकऱ्यांचा विरोध सरकार बदलल्यावरही चालू राहिला, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जमीन, पाणी आणि मासळी यांवर आधारलेल्या मताला मुंबईतील खुर्चीवर कोण बसले याने फरक पडत नाही. तो विरोध बरोबर होता की चूक हा वेगळा वाद आहे, परंतु तो प्रश्नाला धरून होता.

असेच पान राजापूर तालुक्यातील रिफायनरीसाठी करता येईल. नाणारची जागा २०१९ मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये बारसू-सोलगावचे नाव पुढे आले आणि मधल्या काळात सरकारे बदलली. त्यातच जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. एकाच शाखेत वर्षानुवर्षे मांडीला मांडी लावून बसलेले सख्खे भाऊ दोन गटांत गेले, आणि काही आठवड्यांत रस्ता, रिफायनरी, मासेमारी अशा प्रत्येक प्रश्नावर त्यांची मतेही वेगळी झाली. एवढ्या थोड्या दिवसांत कातळावर काही बदलले नव्हते. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे, झऱ्यांचे पाणी, रोजगाराची गरज, हे सारे होते तेथेच होते.

एखाद्या प्रश्नावर आपले मत अगदी ठाम झाले आहे असे वाटले, तर ते काम नेमके कसे चालते ते लिहून काढावे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये दाखवले होते की झिप किंवा शौचालयाचा फ्लश कसा चालतो हे आपल्याला चांगले समजते असे सांगणाऱ्या माणसांना पायरीपायरीने ते लिहायला लावले, की स्वतःच्या समजुतीला ते स्वतःच कमी गुण देऊ लागतात. मी हे आमच्या टाकीच्या बाबतीत करून पाहिले. वरच्या वाडीला पाणी चढत नाही याचे खापर मी सरपंचांवर फोडत होतो. पण लिहायला बसल्यावर विहिरीत मे महिन्यात किती हात पाणी असते, पंप किती अश्वशक्तीचा आहे, मुख्य वाहिनी किती इंचांची आहे, आणि टाकीचा तळ वरच्या घरांपेक्षा किती उंच आहे, यांपैकी एकही गोष्ट मला सांगता येईना. अशी माहिती मागता येते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अंदाजपत्रक आणि मोजमाप नोंदवहीची प्रत मागितली तर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या कागदांसाठी अर्ज करण्यापूर्वी आणखी एक ओळ लिहून ठेवावी: कागदात काय आढळले तर मी माझे मत बदलीन. ती ओळ सुचत नसेल तर अर्ज करण्याची घाई करू नये, कारण मग आपल्याला पुरावा नको आहे, दारूगोळा हवा आहे.

शिकलेल्या वाचकांनी येथे अधिक सावध राहावे. डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, गणितात पक्क्या असलेल्या लोकांनी त्वचेच्या मलमाविषयीचे आकडे इतरांपेक्षा अचूक वाचले. पण तसेच आकडे बंदुकांवरील बंदी आणि गुन्हेगारी यांविषयीचे म्हणून दिले तेव्हा, उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचे असले तर त्यांचे गणित अधिक वेळा बरोबर आले, आणि दोन बाजूंमधील दरी त्यांच्यातच अधिक रुंद होती. आमच्याकडील वकील, शिक्षक आणि निवृत्त अधिकारी सभेत जे कुशल युक्तिवाद करतात ते ऐकताना मला हे नेहमी आठवते.

नेत्याच्या बाबतीत कसोटी वेगळी आणि लहान आहे. आपल्याला मनापासून आवडणाऱ्या नेत्याचा, न पटलेला एक निर्णय कारणासह लिहावा. आठवडाभर विचार करूनही तो सापडला नाही, तर आपली निष्ठा भक्तीला जाऊन पोहोचली आहे असे समजावे. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता: धर्मातील भक्ती मोक्षाकडे नेत असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते.

हे सर्व प्रथम स्वतःवर करावे, दुसऱ्यावर नंतर. दुसऱ्याशी बोलताना चारचौघांत विषय काढू नये. शिमग्यात पालखी खांद्यावर असताना किंवा गणपतीत आरतीनंतर भरल्या घरात कोणाला त्याच्या पक्षाची चूक दाखवली, तर ती मान्य करण्यासाठी त्याला आपल्या माणसांसमोर मान खाली घालावी लागते, आणि वाडीत राहायचे असलेला माणूस ते करणार नाही. एकट्याला पडवीत गाठावे आणि आरंभ आपल्या बाजूच्या चुकीपासून करावा.

दुसऱ्या पॅनेलमधील माझ्या चुलतभावाशी मी असाच बोललो. "दादा, टाकीला तडा आमच्याच वेळेपासून आहे, मी तेव्हा उगाच झाकत होतो," असे म्हटल्यावर तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह आमच्या माणसाने अर्धाच उघडा ठेवलाय. तुला सांगणार नव्हतो." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे एक बादली आणि घड्याळ घेऊन वरपासून खालपर्यंत प्रत्येक नळावर बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजत गेलो, आणि आकडे एकाच वहीत दोघांच्या सहीने लिहिले.

चिठ्ठ्या आणि वह्या फाडून टाकू नयेत. सत्ता बदलली की त्या बाहेर काढून आजच्या मताशेजारी ठेवून वाचाव्यात. जेथे मत बदललेले दिसेल तेथे बदलाचे कारण लिहावे, आणि शोधूनही निवडणुकीच्या निकालाच्या तारखेखेरीज दुसरे कारण सापडले नाही तर तो विषय नाव झाकून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यावा.