पांढरे पडणारे प्रवाळ: हवामान बदल सांगणारे सिरॅमिक शिल्प कसे घडवावे

हवामान बदलावर शिल्प करायचे ठरवले की सगळेच सांगून टाकण्याचा मोह होतो. वितळणारे हिमनग, जळती जंगले, भेगाळलेली जमीन, सगळे एकाच शिल्पात. तो मोह टाळा. एकच घटना घ्या, आणि मातीला सांगता येईल अशी घ्या. इथे प्रवाळ घेऊ. कोर्टनी मॅटिसन या अमेरिकन शिल्पकाराने भिंतभर सिरॅमिक प्रवाळे घडवून हाच विषय लोकांपुढे ठेवला आहे. सिरॅमिक त्याला शोभतेही. ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपात, घालतात ती व्हायटिंग ही पांढरी पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच.

१. आधी घटना समजून घ्या

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचे बरेचसे अन्न आणि रंग त्याच्यामुळेच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा साधारण १ अंश सेल्सिअसने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते. मग पारदर्शक ऊतीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो.

शिल्पाचा सारा अर्थ पुढच्या मुद्द्यावर उभा आहे. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, ते उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकते. नाही निवले तर मरते, आणि उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. सावरायला मिळणारी वर्षे कशी कमी होत गेली, ते या आकड्यांत दिसते.

म्हणून चार तुकडे करा: निरोगी, फिकट होणारे, पांढरे पण जिवंत, आणि मेलेले.

२. माती आणि घडण

भाजल्यावर पांढरी होणारी, थोडा ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) मिसळलेली स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी, माती घ्या. ती वाळताना आणि भाजताना मिळून १० ते १३ टक्के आकसते, तेव्हा आकार त्या हिशेबाने मोठा धरा. हवेचे बुडबुडे जाईपर्यंत माती मळा. वळ्या एकावर एक चढवून पोकळ घुमट उभारा, भिंत सुमारे १ सेंटिमीटर जाड ठेवा. फांद्या वेगळ्या करून जोडा. जोडायच्या दोन्ही बाजू खरवडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा आणि दाबा. नुसत्या पाण्याने चिकटवलेली फांदी वाळताना हमखास सुटते.

आता खरे काम, पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या जिवाच्या, वाट्या. पेन्सिलीएवढ्या जाड काडीच्या बोथट टोकाने पृष्ठभागावर वाटी दाबा. मग सुईने तिच्या कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या सहा किंवा बारा रेघा ओढा. कठीण प्रवाळांची रचना सहाच्या पटीत असते, म्हणून हा आकडा पाळाच. काठ ओल्या बोटाने किंचित उचला, म्हणजे उजेड तिरपा पडला की प्रत्येक वाटीत सावली धरते. काम वेळखाऊ आहे, पण घाई करू नका. प्रेक्षक जवळ येऊन वाकून बघतो तो या वाट्यांसाठीच.

३. वाळवणे आणि पहिली भाजणी

फांद्यांची टोके आधी वाळतात आणि बुडाशी तडा जातो. टोकांना प्लास्टिक गुंडाळा आणि बूड उघडे ठेवा. पोकळ भागाला कुठेतरी छिद्र हवेच, नाहीतर आतली वाफ तुकडा फोडते. भट्टी १०० अंशांपर्यंत अगदी सावकाश तापवा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतले क्वार्ट्‌झ अचानक फुगते, तिथेही वेग कमी ठेवा. साधारण १००० अंशांवर थांबा.

४. ग्लेझनेच गोष्ट सांगा

निरोगी तुकड्याला तपकिरी आणि शेवाळी छटा द्या. भडक गुलाबी-निळे टाळा, कारण त्या शैवालाचा मूळ रंग तपकिरीच असतो. दुसऱ्या तुकड्यावर तेच ग्लेझ टोकांकडे विरळ करत न्या. तिसऱ्यावर फक्त पारदर्शक ग्लेझ द्या. पांढऱ्या मातीवरचा तो काचेसारखा थर म्हणजेच अजून जिवंत असलेली ऊती. चौथ्याला ग्लेझ लावूच नका. लोह ऑक्साइड पाण्यात कालवून खाचांत भरा आणि उंचवटे ओल्या स्पंजने पुसून घ्या. कोरडी ग्लेझ पावडर कालवताना मास्क घाला, सांडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग माती आणि ग्लेझ ज्या तापमानाला पक्व होतात तिथपर्यंत दुसरी भाजणी करा. भट्टीलाही इंधन लागते, आणि या विषयाचे शिल्प करताना त्याकडे डोळेझाक करता येत नाही. भट्टी पूर्ण भरेल तेव्हाच पेटवा, आणि शक्य असेल तर कमी तापमानाला पक्व होणारी माती निवडा.

५. मांडणी

चारही तुकडे डोळ्यांच्या उंचीवर, चालत बघता येतील असे लावा. तिसरा आणि चौथा लोकांना हाताळू द्या. गुळगुळीत आणि खरखरीत यांतला फरक बोटांना लगेच कळतो. शेजारी छोटी पाटी ठेवा. त्यावर दोनच वाक्ये पुरेत: पाणी किती तापल्यावर असे होते, आणि तिसऱ्या तुकड्यापासून परतीची वाट अजून आहे. तिथे उभे राहता आले तर राहा, कारण तिसऱ्या तुकड्यापाशी लोक प्रश्न विचारतात.