आजीच्या भावाचा माग: महायुद्धात गेलेला जवान कसा शोधावा

पेडण्याला आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आजीच्या भावाचं पदक. आजीचं माहेर तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात. भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला, इटलीत गेला, परत आला नाही. वय 19. तुमच्या घरचाही असा कोणी असेल, तर आधी ट्रंक उघडा.

पदक चिंच-आमसुलाने घासू नका. उजेडात तिरकं धरून कड बघा, तिथे नंबर आणि नाव कोरलेलं असू शकतं. तोच नंबर घरी आलेल्या तारेवर, पेन्शनच्या कागदांवर ताडून घ्या. नावाचा भरवसा नाही. कारकुनाने 'सावंत' इंग्रजीत कसं लिहिलं असेल कोण जाणे. पलटणीच्या नावातल्या 'मराठा'तसुद्धा तेव्हा 'एच' 'आर'च्या आधी असे आणि 'टी' दोन.

नंबर हाती आला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या जवानांच्या थडग्यांची नि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. पैसे पडत नाहीत. पत्त्यात 'रत्नागिरी' आलं म्हणून हा आपला नव्हे असं ठरवू नका. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतूनच 1981 साली वेगळा झाला.

मी मात्र कित्येक दिवस थडग्यांच्याच याद्या चाळत बसलो. तेवढी चूक तुम्ही करू नका. हिंदू जवानांचं दहन झालं असेल तर नाव दहनस्मारकावर असतं. इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत असं एक स्मारक आहे, 500हून जास्त भारतीय सैनिकांचं. आजीच्या भावाचं नाव तिथे सापडलं. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, त्यांची नावं इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर पाहा.

शेवटचे दिवस कळायला पलटणीची युद्धरोजनिशी वाचा. अशा रोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. साध्या शिपायाचं नाव तिच्यात क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते समजतं. नोव्हेंबर 1943मध्ये पावसाने फुगलेली सांग्रो ओलांडायची लढाई चालली होती. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही नंबर घालून पत्र लिहा.

हे सगळं होईपर्यंत घरच्या म्हाताऱ्या माणसांना थांबवून ठेवू नका. कागदात मरण असतं. तो तेरेखोलच्या पाण्यात म्हशी घालायचा, भाकरीबरोबर सुकं बांगडं मागायचा, हे आजीनेच सांगितलं. युद्धाबद्दल तिने एवढंच विचारलं, "तेका आग कोणी दिल्यान रे?"

स्मारकाचं पान मी तिला वाचून दाखवलं. मग नोंदीतली तारीख घेऊन भटजींकडे गेलो. त्यांनी 1943चं पंचांग काढून कार्तिक वद्यातली तिथी लिहून दिली. इतकी वर्षं त्याचं पान सर्वपित्रीलाच वाढलं जायचं. त्या कार्तिकात आजीने स्वतः चुलीपाशी बसून वडे केले.