कर्जातून पैसा कसा जन्मतो : बँकेचा ताळेबंद वाचण्याची रीत

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जात असल्यामुळे पैसा तिथेच तयार होतो, असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे. परंतु देशातील एकूण पैशात लोकांच्या हाती असलेल्या नोटा-नाण्यांचा वाटा साधारण सातव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि उरलेला जवळजवळ सगळा पैसा बँकांच्या खात्यांवरील ठेवींच्या रूपात असतो. यातील बहुतांश ठेवी कर्ज देतानाच निर्माण होतात, आणि हे स्वतः पडताळून पाहायला बँकेचा वार्षिक अहवाल पुरेसा असतो.

आपण एखाद्या नागरी सहकारी बँकेचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी मिळणारा अहवाल घ्यावा आणि ताळेबंदाचे पान उघडावे. ‘भांडवल व देणी’ या बाजूला ठेवी दिसतील आणि ‘जिंदगी व येणी’ या बाजूला कर्जे. आता कोऱ्या कागदावर एकच व्यवहार मांडावा. दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराला 10 लाखांचे कर्ज मंजूर झाले, की बँक येण्यांमध्ये 10 लाखांचे कर्ज लिहिते आणि त्याच क्षणी त्याच्या खात्यात 10 लाखांची ठेव जमा करते. दुसऱ्या कोणत्याही ठेवीदाराच्या खात्यातून एक रुपयाही कमी झालेला नसतो. त्याने ठिबकच्या दुकानदाराला पैसे दिले आणि दुकानदाराचे खाते दुसऱ्या बँकेत असले, तर ठेव तिकडे जाते. एकूण व्यवस्थेतील ठेवी मात्र 10 लाखांनी वाढलेल्याच राहतात. मुद्दल फेडले, की दोन्ही नोंदी खोडाव्यात, कारण तो पैसा आता अस्तित्वात नाही. बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये हीच प्रक्रिया आपल्या नियतकालिकात सविस्तर मांडली होती.

याचा अर्थ बँक हवा तितका पैसा निर्माण करू शकते असा घेऊ नये. दुसऱ्या बँकेकडे गेलेल्या रकमेची पूर्तता रिझर्व्ह बँकेकडील शिलकीतून करावी लागते, व्यापारी बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या (कर्जे व इतर येण्यांना त्यांच्या जोखमीनुसार वजन देऊन काढलेल्या रकमेच्या) किमान 9 टक्के भांडवल राखावे लागते, आणि परतफेड करू शकेल असा कर्जदारही मिळावा लागतो. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा, जे 2025 च्या अखेरीस 3 टक्क्यांवर आले, ते मात्र समजले जाते तितके बंधनकारक नाही, कारण व्याजदर ठरवलेल्या पातळीवर टिकवण्यासाठी रिझर्व्ह बँकेलाच व्यवस्थेत पुरेशी रोकड पुरवावी लागते.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अहवालातील क्षेत्रनिहाय कर्जांचा तक्ता काढून दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत आणि वाढलेली रक्कम शेती, लघुउद्योग, गृहकर्ज, बांधकाम यांपैकी कुठे गेली ते पाहावे. सातपूरच्या कारखान्यात नवे यंत्र आले, तर पैशाबरोबर मालही वाढतो. गंगापूर रोडवरचा तयार भूखंड केवळ एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तर वाढते ती प्रामुख्याने किंमत. केंद्रीय बँकेवरील, म्हणजे रिझर्व्ह बँकेवरील, माझा आक्षेप नेमका इथे आहे. 2016 पासून कायद्याने तिच्यापुढे ग्राहक महागाई 4 टक्के, दोन टक्के कमी-अधिक, हे लक्ष्य ठेवले आहे. परंतु त्या निर्देशांकात घरभाडे मोजले जाते, जमिनीची किंमत नाही. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो व्याजदर, वाढवला, की सातपूरचा लहान कारखानदार आणि तिसरा भूखंड घेणारा गुंतवणूकदार दोघांनाही झळ बसते, आणि लासलगावचा कांदा अवकाळी पावसाने महागला असेल, तर त्यावर या दराचा काहीही इलाज चालत नाही. सलग तीन तिमाह्या लक्ष्य चुकल्यामुळे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला पाठवलेले स्पष्टीकरणही त्या वेळी जनतेसमोर ठेवले गेले नाही. कर्जाची दिशा बदलण्याचे साधन तिच्याकडे नाही असे नव्हे. नोव्हेंबर 2023 मध्ये तिने विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार 100 वरून 125 टक्के केला होता, म्हणजे अशा कर्जांमागे बँकांना अधिक भांडवल राखावे लागणार होते. भूखंडखरेदीला पोसणाऱ्या कर्जांबाबतही तितकीच तत्परता दिसायला हवी.

म्हणून सभेत लाभांशाबरोबरच हाही प्रश्न लेखी विचारावा : या वर्षी वाढलेल्या कर्जांपैकी किती रक्कम नव्या उत्पादनासाठी आणि किती तयार मालमत्तेच्या खरेदीसाठी दिली गेली? उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तक्त्याशी ते ताडून पाहता येईल.