मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये साइटसाठी स्वतंत्र व्ह्यू कसा तयार करावा

बांधकामाचे वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तयार करणारा प्लॅनिंग इंजिनिअर आणि त्याची प्रिंट हातात घेऊन साइटवर फिरणारा सुपरवायझर, या दोघांना एकाच फाइलमधून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. इंजिनिअरला कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे पाहायचे असते. सुपरवायझरला येत्या पंधरवड्यात कोणत्या ठेकेदाराची माणसे कोणत्या विंगमध्ये लागणार, एवढेच हवे असते. तरीही अनेक ठिकाणी नेहमीच्या गँट चार्टचीच (कामांची यादी आणि त्यांच्या कालावधीच्या आडव्या पट्ट्या दाखवणाऱ्या तक्त्याची) प्रिंट काढून सर्वांना वाटली जाते, किंवा साइटसाठी एक्सेलमध्ये वेगळी यादी केली जाते. ही दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण मूळ फाइलमधील तारखा सरकल्या की ती यादी खोटी ठरते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. फाइल एकच ठेवून साइटसाठी स्वतंत्र व्ह्यू, म्हणजे त्याच माहितीची वेगळी मांडणी, तयार करणे हाच योग्य उपाय आहे.

प्रोजेक्टमधील साधा व्ह्यू चार गोष्टींचा बनतो: पडद्यावरील मांडणी, स्तंभ ठरवणारे टेबल, ओळी निवडणारा फिल्टर आणि त्या ओळींची विभागणी करणारा ग्रुप. यांपैकी टेबल हे व्ह्यूच्या मालकीचे नसते. एकच टेबल अनेक व्ह्यू वापरत असतात. गँट चार्ट आणि टास्क शीट (पट्ट्यांशिवाय कामांची नुसती यादी) हे दोन्ही व्ह्यू मुळात 'एंट्री' नावाचे टेबल वापरतात, त्यामुळे एकात स्तंभ लपवला की तो दुसऱ्यातूनही नाहीसा होतो. सुरुवातीच्या काळात मी एका मीटिंगसाठी गँट चार्टमधील 'प्रेडिसेसर्स' हा, काम आधीच्या कोणत्या कामांवर अवलंबून आहे ते दाखवणारा स्तंभ काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने टास्क शीट उघडले, तिथेही तो दिसेना, आणि कामांमधील दुवेच पुसले गेले या समजुतीने आम्ही अर्धा दिवस फाइल जुन्या बॅकअपशी ताडून पाहत बसलो. दुवे जागच्या जागी होते. लपला होता तो फक्त स्तंभ. म्हणून मूळ टेबलाला हात न लावता आधी त्याची प्रत करावी, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

प्रत करण्यासाठी 'व्ह्यू' टॅबमधील 'टेबल्स' या बटणाखाली 'मोअर टेबल्स' उघडावे, 'एंट्री' निवडून 'कॉपी' करावे आणि प्रतीला 'साइट टेबल' असे ओळखू येणारे नाव द्यावे. 'टास्क मोड', 'प्रेडिसेसर्स' आणि 'रिसोर्स नेम्स' या ओळी तिथून काढाव्यात. 'टायटल' या रकान्यात मराठी शीर्षक लिहिता येते, त्यामुळे 'स्टार्ट'च्या जागी 'सुरुवात' आणि 'फिनिश'च्या जागी 'शेवट' छापून येतो. तारखेचे स्वरूपही याच चौकटीत ठरते; साइटच्या कागदावर दिवस आणि महिना पुरतो, वर्ष छापून स्तंभ रुंद करण्याची गरज नाही.

ठेकेदारासाठी स्वतंत्र फील्ड लागते. 'प्रोजेक्ट' टॅबमधील 'कस्टम फील्ड्स'मध्ये मजकुराची 30 फील्ड्स मोकळी असतात. त्यांतील 'टेक्स्ट1'ला 'ठेकेदार' असे नाव द्यावे आणि ते साइट टेबलात जोडावे. मात्र ते भरायला घेण्यापूर्वी 'लुकअप' वापरून नावांची ठरावीक यादी जोडावी, असा माझा आग्रह आहे. यादी नसेल तर एक जण 'प्लंबिंग' लिहितो, दुसरा 'प्लम्बिंग' लिहितो, आणि ग्रुप केल्यावर एकाच ठेकेदाराचे दोन गट होऊन त्याची निम्मी कामे भलत्याच ठिकाणी जातात. 'मोअर ग्रुप्स'मध्ये 'ठेकेदार' या फील्डवर नवा ग्रुप तयार करताना 'मेन्टेन हायरार्की' (कामावरची मूळ शीर्षके कायम ठेवणे) ही खूण करावी, नाहीतर प्रत्येक गटाखाली नुसते 'प्लास्टर', 'प्लास्टर', 'प्लास्टर' दिसते आणि ते कोणत्या विंगचे, कोणत्या मजल्याचे, हे कळत नाही.

सर्वांत अधिक विचार फिल्टरसाठी करावा लागतो. प्रोजेक्टमध्ये 'डेट रेंज' हा तयार फिल्टर आहे. तो दोन तारखा विचारतो आणि त्या काळात येणारी कामे दाखवतो. परंतु जे वॉटरप्रूफिंग मागच्या आठवड्यात संपायला हवे होते आणि अजून रखडले आहे, त्याची शेवटची तारीख मागे राहिलेली असते, आणि ती कोणी पुढे सरकवली नसेल तर ते काम या यादीतून गळते. साइटवर ज्याची आठवण सर्वांत आधी व्हायला हवी तेच नेमके दिसत नाही. यासाठी 'मोअर फिल्टर्स'मध्ये 'न्यू' करून दोन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ: 'पर्सेंट कंप्लीट' हे 100 टक्क्यांपेक्षा कमी. दुसरी ओळ, 'अँड' लावून: 'स्टार्ट' ही विचारलेल्या तारखेच्या आत किंवा त्याच तारखेला. तारीख दर वेळी विचारली जावी यासाठी मूल्याच्या रकान्यात "कोणत्या तारखेपर्यंतची कामे हवीत"? असे लिहावे. प्रश्न दुहेरी अवतरणचिन्हांत आणि प्रश्नचिन्ह त्यांच्या बाहेर असावे लागते. या फिल्टरमध्ये रखडलेली आणि येऊ घातलेली, अशी दोन्ही प्रकारची कामे एकत्र येतात.

आता हे तुकडे जोडायचे. 'मोअर व्ह्यूज'मध्ये 'गँट चार्ट'ची प्रत करून तिला 'साइट पंधरवडा' असे नाव द्यावे आणि त्याच चौकटीत आपले टेबल, ग्रुप व फिल्टर निवडावेत. 'शो इन मेन्यू' ही खूण ठेवल्यास हा व्ह्यू पुढच्या वेळी थेट यादीतून उघडता येतो. पट्ट्यांचे रंग आणि कालपट्टीची मापे व्ह्यूसोबतच साठवली जातात, त्यामुळे ती निःशंकपणे बदलावीत. छापण्याआधी टेबल आणि पट्ट्या यांच्यामधली उभी रेघ 'शेवट' हा स्तंभ पूर्ण दिसेपर्यंत ओढावी, आणि 'पेज सेटअप'मधील 'लेजंड' (पट्ट्यांच्या खुणांचा अर्थ सांगणारी पानाखालची चौकट) बंद करावे. ती जागा पाच-सहा कामांना पुरते.

हाच व्ह्यू दुसऱ्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये न्यायचा असल्यास 'फाइल', 'इन्फो' आणि मग 'ऑर्गनायझर' असे जावे. तिथे व्ह्यू, टेबल, फिल्टर आणि ग्रुप हे चारही वेगवेगळ्या टॅबमधून कॉपी करावे लागतात. 'फील्ड्स' हा टॅब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि तो सुटला तर नव्या फाइलमध्ये 'ठेकेदार' या स्तंभामागची नावांची यादी येत नाही.