आर्मी-नेव्ही सामन्याला जायचंय? मग एवढं करा

डिसेंबर जवळ आला की आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात कुणीतरी हमखास विचारतं, "यंदा आर्मी-नेव्हीला जावं म्हणतोय, काय काय लागतं?" आर्मी-नेव्ही म्हणजे अमेरिकेच्या लष्कर आणि नौदल अकादम्यांच्या संघांमधला दरवर्षीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना. दरवर्षी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

मी पुण्याच्या उत्तमनगरची, एनडीएच्या गेटाजवळ वाढलेली. तिन्ही दलांची पोरं एकाच मैदानावर तीन वर्षं एकत्र घाम गाळतात, हे लहानपणापासून बघितलेलं. अमेरिकेत मात्र घरं वेगळी. लष्कराची अकादमी वेस्ट पॉइंटला, हडसन नदीच्या काठी. नौदलाची अ‍ॅनापोलिसला, चेसापीक उपसागरापाशी. १८९० साली दोघांचा पहिला सामना वेस्ट पॉइंटच्या मैदानावर झाला आणि पाहुण्या नेव्हीने यजमानांना २४-० असं लोळवलं. तेव्हापासूनची ही खुन्नस. खेळणारी पोरं पदवी घेतली की किमान पाच वर्षं सैन्यात, त्यामुळे बहुतेकांचा हा खेळ कॉलेजबरोबरच संपतो. म्हणूनच जीव तोडून खेळतात.

पहिलं काम, बाजू ठरवा. "आम्ही दोन्हीकडचे" हे इथे चालत नाही; ते फक्त राष्ट्राध्यक्षांना शोभतं. ते आले तर मध्यंतराला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, ही थिओडोर रूझवेल्टपासूनची रीत. आपण आर्मीचे असू तर काळा-सोनेरी, नेव्हीचे असू तर गडद निळा-सोनेरी रंग घालावा. बाजारात मिळणारे लष्करी गणवेशासारखे जॅकेट आणि खोटी पदकं घालून जाऊ नका. शेजारच्या खुर्चीवर खरी पदकं मिळवलेले एखादे आजोबा बसलेले असतात, आणि ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. घोषणा द्यायची ती "गो नेव्ही, बीट आर्मी" किंवा उलट. शिवीगाळ नाही.

सामना बहुतेकदा दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो, पण तुम्ही बाराच्या आत खुर्चीवर हवेत. हे मी बजावून सांगते, कारण आपली मंडळी पार्किंगमध्ये वडापाव आणि चहाचा थर्मास उघडून बसतात आणि 'मार्च ऑन' हुकवतात. दोन्ही अकादम्यांचे हजारो विद्यार्थी रांगेने मैदानात येतात: एकीकडे राखाडी लांब कोट, दुसरीकडे गडद निळे कोट आणि पांढऱ्या टोप्या. वरच्या मजल्यावरची जागा स्वस्त असते आणि या संचलनासाठी तीच उत्तम. खालून नुसत्या टोप्या दिसतात. मग येते 'कैद्यांची अदलाबदल'. दोन्हीकडचे काही विद्यार्थी एक सत्र शत्रूच्या घरी राहून शिकलेले असतात. त्यांना मैदानाच्या मधोमध आणून परत करतात, आणि पोरं आपल्या बाजूकडे धूम ठोकतात. मला विचाराल तर तिकिटाचे अर्धे पैसे इथेच वसूल.

थंडीची तयारी नीट करा. अंगात कितीही घाला, गारठा चढतो तो पायाखालच्या काँक्रीटमधून. जाड पुठ्ठ्याचा तुकडा न्या आणि त्यावर पाय ठेवा. पिशवी पारदर्शक लागते, नाहीतर गेटवरून परत पाठवतात.

खेळ कळत नसेल तर एकच गोष्ट बघा. या दोन संघांची खासियत लांब फेकाफेकीची नाही, धावण्याची. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू, चेंडू मधून घुसणाऱ्या गड्याच्या पोटाशी नेतो. तिथे क्षणभर समोरच्या बचावपटूवर नजर. तो आत वळला तर चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेर पळायचं, बाहेर राहिला तर आतल्याला देऊन टाकायचा, आणि स्वतः अडकलाच तर बाजूने धावणाऱ्याकडे भिरकवायचा. आपल्या कबड्डीतल्या हुलकावणीसारखंच हे. एकदा नजर बसली की कंटाळा येत नाही. गुणफलक बघून "एवढेच?" म्हणू नका. २०१७ साली फिलाडेल्फियात भर बर्फात आर्मी १४-१३ अशी जिंकली होती.

बरोबर मुलं असतील तर पार्किंगमधल्या रांगेत त्यांना १९६३ ची गोष्ट सांगा. राष्ट्राध्यक्ष केनेडी स्वतः नौदलातले. त्यांची हत्या झाली आणि सामना रद्दच होणार होता, पण कुटुंबाने खेळा म्हटलं. ७ डिसेंबरला सामना झाला. आर्मी गोलरेषेपासून दोन यार्डांवर असताना वेळ संपली आणि क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅकची नेव्ही २१-१५ ने सुटली. टीव्हीवर 'इन्स्टंट रिप्ले' पहिल्यांदा दिसला तोही त्याच दिवशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिट्टी वाजली की उठून गाडीकडे पळू नका. दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात आणि त्यांच्या अकादमीचं गीत होतं. मग सगळे मिळून जिंकलेल्यांकडे जातात. म्हणून इथे जिंकण्याला 'सिंग सेकंड' म्हणतात. दोन्ही गीतांना उभं राहायचं, टोपी काढायची, फोन खिशात. आपली बाजू जिंकली असेल तर पहिलं गीत संपेपर्यंत जल्लोष बंद. २०१६ साली सलग चौदा पराभवांनंतर आर्मी जिंकली, तेव्हाही आधी नेव्हीचं गीत झालं, मगच त्यांचं. पार्किंगची कोंडी तशीही तासभर सुटत नाही, त्यामुळे थांबल्याने काही बिघडत नाही.

पुण्या-मुंबईहून टीव्हीवर बघणाऱ्यांनी रात्री दीडचा गजर लावावा. गीतांपर्यंत जागायचं तर पहाटेचे पाच वाजतात. दुसऱ्या दिवशी रविवारच असतो, दुपारी झोप काढा.