चरित्र वाचायचंय? मग आधी वही आडवी धरा

मोठ्या माणसांची चरित्रं आपण शाळेपासून वाचत आलोय, पण विचारून बघा कुणालाही, १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर काय करत होते? समोरचा गप्प. १९२७ माहिती असतं, १९५६ तर असतंच, मधलं सगळं धूसर. माझंही तेच होतं, चांगलं जाडजूड चरित्र वाचून संपवलं आणि पंधरा दिवसांनी भाच्याने भाषणासाठी चार मुद्दे मागितले तर मला जन्म, चवदार तळं, राज्यघटना, दीक्षा एवढंच सुचलं, आणि ते सगळं त्याच्या पुस्तकात आधीच होतं. म्हणाला, मामा हे मला पण माहितीये. तेव्हापासून मी वही घेऊन वाचतो, कशी ते सांगतो.

वही आडवी धरायची आणि पाच रकाने आखायचे: साल, वय, पैसा कुठून आला, सोबत कोण होतं, काय फसलं. पराक्रमाचा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही, तो पुस्तकवाला आपणहून भरून देतोच. दर चाळीस-पन्नास पानांनी थांबून वहीत भरायचं, सगळं वाचून झाल्यावर भरू म्हणालात तर राहतंच (अनुभव आहे).

वयाचा रकाना सोपा आहे, नुसती वजाबाकी, पण मजा तिथेच येते. धोंडो केशव कर्वे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ येतात, आणि वहीत काय निघतं तर १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा वय ३८, आणि महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ ला, म्हणजे ५८ व्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे लोक पेन्शनचे कागद गोळा करत असतात. त्यांना अजून ४६ वर्षं जगायचं होतं हे त्यांना थोडीच माहिती होतं.

आता पैसा. हा रकाना रिकामा राहिला तर समजा की चरित्रकाराने हात आखडता घेतलाय, दुसरं पुस्तक शोधा. आंबेडकरांची १९१३ ते १९२३ ही दहा वर्षं मी नमुना म्हणून देतो. १९१३ ला वय २२, सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार. न्यूयॉर्कला कोलंबियात एम.ए. झालं, मग १९१६ ला लंडन, आणि १९१७ ला स्कॉलरशिप संपली म्हणून तिथला अभ्यास अर्धवट टाकून परत. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट महायुद्धात टॉर्पेडो लागून बुडाली. ही नोंद "काय फसलं"मध्ये टाका, आणि पुढची पण.

बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले, रोजचा दीड रुपया, जेवणासकट. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना दारात दहा-बारा पारशी काठ्या घेऊन उभे, संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणून. दुसरीकडे सोय होईना, मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा परदेशात शिकून आलेला माणूस कमाटी बागेत बसून होता. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि महाराष्ट्र सरकारने त्यांच्या लेखनाचे-भाषणांचे खंड काढलेत, नेटवर फुकट पीडीएफ मिळतात, त्यामुळे शक्य तिथे माणसाचं स्वतःचं लिखाण आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी वाक्यं, ज्याच्याखाली ना साल ना गाव ना सभेचं नाव, ती वहीत घ्यायचीच नाहीत.

पुढे १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० ला मूकनायक हे पाक्षिक, आणि त्याच वर्षी परत लंडन. पैसा कुठून? पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना नावाच्या मित्राचं कर्ज. भथेना पारशी होते! तीन वर्षांपूर्वी ज्यांनी काठ्या घेऊन हाकललं तेही पारशी आणि ज्याने लंडनला जायला पैसे दिले तोही पारशी. "सोबत कोण" हा रकाना याच्यासाठीच आहे, अमुक समाज असा आणि तमुक समाज तसा म्हणून ज्या गप्पा आपण कट्ट्यावर ठोकतो त्या एका ओळीत बंद होतात.

मोठा प्रसंग आला की मात्र वेगळं करायचं. त्याची तारीख पानाच्या मध्यभागी लिहायची आणि आधीची पाच आणि नंतरची दहा वर्षं शोधायची. चवदार तळ्याचं बघा. २० मार्च १९२७, सगळ्यांना पाठ. पण त्याच्या आधी १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून पास करून घेतलाय की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलंय, अर्थात कागदावर. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी स्थानिक माणसं सोबत आहेत. म्हणजे त्या दिवशी लोक जे पाणी प्यायले त्याचा हक्क आधीच मंजूर होता, बजावायला कोणी पुढे येत नव्हतं. नंतर काय? परतणाऱ्या लोकांवर हल्ले, तळ्याचं "शुद्धीकरण", डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला तर कोर्टाचा मनाई हुकूम, आणि मग खटला चालू राहिला तो थेट १९३७ पर्यंत, तेव्हा हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. एका दिवसाची गोष्ट म्हणून शिकलो ती वहीत चौदा वर्षांची निघते.

नकाशा उघडा ठेवा हे राहिलंच. कर्वे सतरा वर्षांचे असताना मुरूडहून साताऱ्याला परीक्षेला चालत गेले असं वाचताना आपण "बरं" म्हणून पान उलटतो, पण मोबाईलवर दापोलीजवळचं मुरूड आणि सातारा टाकून बघा, मध्ये अख्खा सह्याद्री उभा. आणि तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! कोणत्या रकान्यात जाईल ते सांगायला नको.

घरातलं माणूस काय म्हणतं तेही बघायचं. कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्यात. नवरा सगळं संस्थेला देऊन मोकळा होतो तेव्हा घर कसं चालतं हे चालवणारीच सांगू शकते, ते चरित्रकाराला कुठून कळणार.

विशेषणं पेन्सिलने खोडत जा. थोर, महान, असामान्य, युगप्रवर्तक. खोडल्यावर वाक्यात काही उरलं तर ते वहीत घ्या, नाही उरलं तर पुढे चला. भक्ताने लिहिलेलं असो की विरोधकाने, दोघांना हा नियम सारखाच.

एका माणसाला साधारण महिना लागतो, आडवी सात-आठ पानं होतात. भाच्याने यंदा जयंतीला नुसत्या बडोद्याच्या त्या अकरा दिवसांवर भाषण केलं. नंबर काही आला नाही, पण स्टेजवरून खाली उतरल्यावर एका परीक्षकांनी त्याला हळूच जवळ बोलावून विचारलं, "काय रे, त्या बागेचं नाव काय म्हणालास?"